कडी उरली, झुंबर गेलं : विलायती काच आणि आपला दिवाणखाना

जुन्या वाड्यात गेलो की आपण काय बघतो? दरवाजा, चौक, खांबांवरची नक्षी. वर फारसं कुणी बघत नाही. पुढच्या वेळी मुद्दाम बघा. दिवाणखान्याच्या मधल्या तुळईला बहुतेक वेळा एक लोखंडी कडी दिसेल. चांगली अंगठ्याएवढी जाड. तिला आता काहीच टांगलेलं नसतं, फार तर पिवळा पडलेला एक बल्ब. ती कडी कशाची, असं घरच्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं : "तिथे झुंबर होतं, बेल्जियमचं."

आज आपण त्या कडीला जे लटकत होतं त्याचा इतिहास बघणार आहोत. या व्याख्यानाची जाहिरात झाल्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की नव्या घरासाठी झुंबर कसं निवडावं तेही सांगणार का. सांगू. पण आमचं म्हणणं असं की, ते सांगण्यासाठी इतिहासाच्याच वाटेनं जावं लागतं. झुंबर ही शोभेची वस्तू म्हणून जन्माला आलेलीच नाही. ते उजेडाचं यंत्र आहे. त्यातला एकेक तुकडा कशासाठी आहे हे कळलं की निवडणं, टांगणं आणि मुख्य म्हणजे सांभाळणं, तिन्ही सोपं होतं.

आधी काच नसतानाचा उजेड आठवू. आपल्याकडचा घरगुती दिवा बसलेल्या माणसाच्या उंचीचा असतो. समई जमिनीवर, निरांजन ताटात, ठाणवई कोपऱ्यात. लामणदिवा साखळीनं टांगलेला असतो खरा, पण तोही देवापुढे, हाताला येईल इतका खाली, कारण त्यात तेल घालायचं असतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे बघा, म्हणजे या दिव्यांत किती प्रकार होते ते कळेल. हा सगळा उजेड पितळेचा आणि तेलाचा, माणसं खाली गादीवर बसणार असं धरून केलेला. मोठा समारंभ असला तर मशाली आणि दिवट्या. छताच्या मध्यावरून सबंध खोलीवर उजेड पाडायचा, ही कल्पनाच वेगळी आहे. तिच्या मुळाशी खुर्ची-टेबल आहे, उभ्यानं नाचणारी माणसं आहेत, आणि मेणबत्ती आहे.

युरोपातल्या श्रीमंतांची अडचण साधी होती. मेणबत्तीचा उजेड थोडा, आणि मधमाशीच्या मेणाची मेणबत्ती महाग. चरबीची स्वस्त, पण तिला धूर आणि वास. मग आहे त्या मेणबत्त्यांचा उजेड वाढवायचा कसा? ज्योतीभोवती चकाकणारं काही टांगायचं. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात त्यासाठी खराखुरा स्फटिक वापरत, म्हणजे खाणीतला दगड घासून काढलेले लोलक. व्हर्सायच्या आरसेमहालात, जो १६८४ साली पुरा झाला, हीच युक्ती भिंतीवर केलेली दिसते : एका बाजूला खिडक्या, समोर साडेतीनशेहून अधिक आरसे. पण खरा स्फटिक राजाला परवडणार. बाकीच्यांना स्फटिकासारखी दिसणारी काच हवी होती.

ती व्हेनिसकडे होती. आगीच्या भीतीनं व्हेनिसनं १२९१ मध्ये काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या होत्या आणि पंधराव्या शतकात तिथे 'क्रिस्तालो' नावाची अगदी नितळ काच होऊ लागली. आज आपण सर्रास म्हणतो त्या 'क्रिस्टल' शब्दाची ही मुळं. मात्र ही काच पातळ आणि लवकर थिजणारी. तिला गरम असताना फुलापानांचे आकार देता येतात, पण थंड झाल्यावर तिच्यात खोल पैलू पाडायला गेलं तर ती टिकत नाही. म्हणून मुरानोचं झुंबर फुलांच्या परडीसारखं दिसतं, हिऱ्यांच्या हारासारखं नाही. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे दुकानात उपयोगी पडेल.

आता लंडनला जाऊ. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाचा व्यापारी. व्हेनिसशी त्याचा व्यापार होता, त्यामुळे काचेतला पैसा त्याला ठाऊक होता. १६७४ साली त्यानं स्फटिकासारख्या काचेचं पेटंट घेतलं. पहिला माल फसला. काच काही दिवसांत आतून बारीक तडकून धुरकट होई. मग मिश्रणात शिशाचं भस्म घालायचं प्रमाण वाढवलं आणि १६७६ मध्ये दोष गेल्याचं जाहीर करून तो आपल्या मालावर डोमकावळ्याच्या डोक्याची मोहोर उठवू लागला. रेव्हन म्हणजे डोमकावळा, नावावरूनच घेतलेली खूण. शिसं घातलं की काच जड होते, मऊ होते, चाकावर धरून खोल पैलू पाडता येतात. शिवाय प्रकाश तिच्यात जास्त वाकतो आणि रंग सुटे होतात. ज्योत हलली की लोलकातला तांबडा-निळा ठिपका हलतो. आपण 'झगमगणं' म्हणतो ते हेच. आणि तिच्यावर टिचकी मारली तर घंटेसारखा लांबणारा नाद येतो.

अठराव्या शतकातलं इंग्लिश झुंबर या काचेतून आलं. त्याची रचना बघा : मधे दांडा, त्यावर काचेचे गोळे आणि वाट्या, बाजूला वळलेले हात, हाताच्या टोकाला मेणबत्तीचं घर आणि त्याखाली बशी. ती बशी नक्षीसाठी नाही, वितळलेलं मेण खालच्या माणसाच्या डोक्यावर पडू नये म्हणून. लोलक त्या बशीच्या कडेला, कारण ज्योतीच्या जवळ असले तरच त्यांचा उपयोग. सगळं झुंबर दोरानं कप्पीवरून खालीवर करता येई, कारण मेणबत्त्या लावायच्या, विझवायच्या, बदलायच्या. आपल्या वाड्यातल्या कडीच्या आसपासही कधीकधी दुसरी छोटी कडी किंवा कप्पीची खूण दिसते. ती या दोराची असू शकते.

इथे सरकार मधे आलं. १७४५ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार कर बसला, आणि शिशाची काच तर मुळातच वजनदार. कर पुढे वाढतही गेला. तो शंभर वर्षांनी, १८४५ साली, उठला. या शंभर वर्षांत इंग्लिश कारागिरांनी काच काटकसरीनं वापरली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची झुंबरं बघितलीत तर त्यांत जाड हात कमी, लहान लहान मण्यांच्या माळाच जास्त. वर तंबूसारखा घेर, खाली परडीसारखा. दूरून बघितलं तर पावसाच्या धारांसारखं. ही सुंदर कल्पना करामुळेच सुचली असं म्हणणं फार होईल, पण लहान तुकड्यांतून मोठा झगमगाट काढण्याची गरज करानं नक्कीच वाढवली.

कर उठला आणि बर्मिंगहॅमच्या एका घराण्याला मोकळं रान मिळालं. ऑस्लर. थॉमस ऑस्लरनं १८०७ मध्ये काचेच्या छोट्या वस्तूंचा धंदा काढला. १८३१ पासून मुलांच्या हाती आल्यावर तो 'एफ. अँड सी. ऑस्लर' झाला. यातला फॉलेट ऑस्लर हा वाऱ्याचा वेग आपोआप नोंदवणाऱ्या यंत्रासाठीही ओळखला जातो, म्हणजे डोकं यंत्रज्ञाचं. काच भार सोसत नाही, म्हणून काचेच्या खांबाच्या पोटात लोखंडी दांडा लपवायचा आणि भार त्याच्यावर घ्यायचा, ही त्यांच्या मोठ्या कामांमागची युक्ती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मधोमध उभं होतं ते ऑस्लरचंच काचेचं कारंजं, २७ फूट उंच, चार टन काचेचं. पुढे १९३६ च्या आगीत ते गेलं.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट अशी की, या प्रदर्शनाच्या आधीच, १८४० च्या दशकात, ऑस्लरनं कलकत्त्यात स्वतःचं दालन उघडलं होतं. गिऱ्हाईक कोण? कंपनीचे साहेब, बंगाली जमीनदार आणि संस्थानिक. आणि या गिऱ्हाइकांनी झुंबर बदलायला लावलं. आपल्याला असं वाटतं की विलायती वस्तू आली आणि आपण ती तशीच टांगली. तसं नाही. इथे दारं-खिडक्या उघड्या, छताला झालरीचा पंखा आणि तो ओढणारा माणूस. उघडी मेणबत्ती या वाऱ्यात टिकायची कशी? म्हणून हिंदुस्थानासाठीच्या झुंबरांवर प्रत्येक ज्योतीला काचेची उभी शेड आली. मेणबत्तीऐवजी खोबरेलाचे दिवे बसतील अशी सोय आली. चरबीची मेणबत्ती आपल्याकडे देवघराच्या शेजारच्या खोलीत कोण लावू देणार होतं? आणि रंग आले. इंग्लंडात पांढऱ्या स्वच्छ काचेचं कौतुक. आपल्याकडे तांबड्या, हिरव्या, निळ्या काचेला मागणी.

यातून आपल्या घरांत जास्त रुळली ती झुंबराची धाकटी बहीण, हंडी. तीन साखळ्यांनी टांगलेलं घंटेसारखं काचेचं भांडं. आत पाणी, पाण्यावर तेल, तेलात तरंगती वात. वर एक उपडी काचेची टोपी असते, ती धुरानं छत काळं होऊ नये म्हणून. आज हंड्या विकताना ही टोपी पुष्कळदा वेगळीच 'बशी' म्हणून विकली जाते, तेव्हा सांभाळा. भिंतीवरचे दिवे, ज्यांना जुनी माणसं दिवालगिरी म्हणत, तेही याच कुटुंबातले. 'हंड्या-झुंबरं' हा जोडशब्द मराठीत रुळला तो दिवाणखान्यांतून, लग्नाच्या मांडवांतून, देवळांच्या सभामंडपांतून आणि गणपतीच्या आराशीतून. मांडवासाठी ती भाड्यानं आणत. म्हणजे झुंबर ज्याच्या घरी नव्हतं त्यानंही ते पाहिलेलं असे. गोव्यात मंगेशी किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेच्या सभामंडपात वर बघितलं की झुंबरं दिसतात आणि चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझांच्या घरात नाचाच्या दालनातही दिसतात. एकाच वस्तूखाली एकीकडे कीर्तन, दुसरीकडे वॉल्ट्झ.

मराठी राज्यकर्त्यांचं म्हणायचं तर ग्वाल्हेरशिवाय पुढे जाता येणार नाही. जयाजीराव शिंद्यांनी बांधलेला जयविलास राजवाडा १८७४ सालचा. प्रिन्स ऑफ वेल्सची स्वारी येणार होती. तिथल्या दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची असल्याचं सांगतात. छत हा भार पेलेल का हे बघायला आधी हत्ती वर चढवले, ही गोष्ट तर तिथला प्रत्येक वाटाड्या सांगतो. हत्तींचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. गोष्ट खरी की रचलेली यावर वाद घालण्यापेक्षा आम्हांला तिच्यातला क्रम आवडतो. आधी छत, मग झुंबर. आज आपण दुकानात जातो तेव्हा नेमका उलटा क्रम असतो.

स्वदेशीच्या चळवळीत या काचेकडे दुसऱ्या नजरेनं बघितलं जाऊ लागलं. परदेशी साखर आणि कापड यांच्या जोडीला परदेशी काचही डोळ्यांवर आली. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, म्हणजे लोकांच्या एकेका पैशातून, तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, त्याच्या भोवती ओगलेवाडी झाली आणि तिथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. म्हणजे स्वदेशी काचेनं आपल्याला झुंबर दिलं नाही, कंदील दिला. आम्हांला यात खंत वाटत नाही. खेड्यातल्या मुलाला अभ्यासाला कंदीलच लागत होता.

मग वीज आली आणि झुंबराचं काम संपलं. एक साधा बल्ब वीस मेणबत्त्यांचं काम करू लागला. बहुतेक जुन्या झुंबरांच्या हातांतून नंतर वायरी ओढल्या गेल्या, काही वेळा काचेला भोक पाडून. तेव्हापासून झुंबर शोभेचं झालं. गंमत अशी की, शोभेचं झाल्यावरच ते नीट दिसेनासं झालं. पैलूदार काचेला ठिपक्यासारखा उजेड लागतो. ज्योत हा ठिपका आहे. दुधी काचेचा गोळा किंवा छताच्या कडेनं पळणारी एलईडीची पट्टी म्हणजे ढगाळ दिवसाचा उजेड. त्यात हिराही काचेसारखा दिसतो. लाखभराचं झुंबर घेऊन त्यात दुधी पांढरे बल्ब लावलेली घरं आम्ही पाहिली आहेत. झुंबराचा दोष काही नसतो. त्यात पारदर्शक काचेचे, आत बारीक तार दिसते तसे पिवळसर बल्ब घाला. खोक्यावर २७०० केल्व्हिन लिहिलेलं असतं, ते बघा. आणि मंद करण्याचं बटण बसवा, मात्र बल्ब त्या बटणाला चालणारा हवा. तेवढ्यानं झुंबर पुन्हा यंत्र होतं.

आता निवडीकडे वळू. दुकानात 'क्रिस्टल' हा शब्द चार वेगळ्या मालांना लावतात : शिशाची काच, शिशाशिवायची पण पैलूदार काच, साच्यात दाबून काढलेली साधी काच आणि चक्क ॲक्रिलिक. युरोपात १९६९ च्या नियमानं २४ टक्के शिशाचं भस्म असेल तरच 'लेड क्रिस्टल' म्हणता येतं आणि ३० टक्क्यांना 'फुल लेड क्रिस्टल'. आपल्या बाजारात तोंडी बोलण्यावर भागतं, म्हणून हातानं बघा. ॲक्रिलिक हलकं असतं आणि हाताला थंड लागत नाही. साच्यातल्या लोलकाच्या कडा बोथट असतात, बोट फिरवलं तर एक शिवण लागते. घासलेल्या लोलकाची कड धारदार, पैलूंची टोकं नेमकी एका बिंदूत मिळतात. जुन्या, हातानं घासलेल्या लोलकांत एकासारखा दुसरा तंतोतंत नसतो. तो दोष समजू नका. शिसं नाही म्हणजे माल हलका असंही नाही. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, कामेनिकी शेनोव्ह गावात झुंबरांचा धंदा १७२४ पासूनचा आणि तिथली पारंपरिक काच शिशाची नव्हे, पोटॅशची. झुंबराला आपण ओठ लावत नाही, त्यामुळे शिशाची धास्ती घेण्याचंही कारण नाही.

मापाचा एक ढोबळ हिशेब कारागीर सांगतात. खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, बेरीज करा, तितके इंच झुंबराचा व्यास. १२ बाय १४ च्या खोलीला २६ इंच. पण आपली खरी अडचण व्यासाची नसून उंचीची असते. फ्लॅटचं छत साडेनऊ फुटांवर, त्यात फॉल्स सीलिंगनं अर्धा फूट खाल्लेला. खालून माणूस जायचा तर सात फूट मोकळे हवेत. उरले दोन. त्यात साखळीचं, तीन मजली झुंबर बसवलं की पाहुणा वाकून आत येतो. अशा घरात छताला लागून बसणारी पसरट परडी घ्यावी, किंवा झुंबर जेवणाच्या टेबलावर आणावं. तिथे खालून कुणी चालत नाही, त्यामुळे टेबलापासून अडीच-तीन फुटांवर ते सुखानं राहतं. आणि खरं सांगायचं तर अशा घराला झुंबरापेक्षा एक चांगली हंडी जास्त शोभते. मराठी घरानं हा निर्णय दीडशे वर्षांपूर्वीच घेतला होता.

टांगताना ग्वाल्हेरचा क्रम. वजन विचारा, लिहून घ्या. पीओपीच्या पत्र्याला नाही, पंख्याच्या जुन्या हुकालाही डोळे मिटून नाही. वरच्या स्लॅबमध्ये अँकर घेऊन, वजनाच्या कितीतरी पट भार सोसेल असा. पंखा जवळ नको. आपल्या पूर्वजांनी शेड लावून वाऱ्याची सोय केली होती. आपण झुंबराच्या बाजूलाच पंखा फिरवतो आणि वर्षभरात लोलकांच्या तारा झिजवतो. पुसताना वीज बंद करा आणि स्वतः शिडी हलवत फिरा. झुंबर गोल फिरवू नका, मधला आटा सैल होतो. पूर्वी समारंभ संपला की झुंबराला कापडाची गवसणी घालत. आकाशाला गवसणी घालण्याची भाषा आपण करतो, पण झुंबराची गवसणी विसरलो. महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर जुनी सुती साडी पुरते.

आता शेवटचा भाग, आणि ज्याच्यासाठी हे व्याख्यान आम्हांला करावंसं वाटलं तो. वाडे पडताहेत. पुनर्विकास ठरला की आठ दिवसांत सामान हलतं. तुळया, दरवाजे यांना भाव येतो हे आता सगळ्यांना कळलंय. झुंबर मात्र अनेकदा माळ्यावर पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुटं पडलेलं असतं. घेणारा येतो, लोलक चाळतो आणि सबंध पेटीचा एक आकडा सांगतो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवर सुटे लोलक, सुटे हात, एकट्या हंड्या टांगलेल्या दिसतात. त्यांतल्या कितीतरी अशा पेट्यांतून आलेल्या असणार. सुट्या लोलकांची कानातली होतात. चांगली दिसतात. पण झुंबर परत जुळत नाही.

म्हणून विकायचं असो की ठेवायचं, पेटी उघडली की आधी एवढं करा. काहीही फेकू नका, फुटलेला हातसुद्धा. त्यावरून नवा करता येतो. पितळेच्या वाट्या आणि दांड्याचे तुकडे उलटसुलट करून बघा, धातूच्या भागावर कधीकधी कारखान्याचं नाव कोरलेलं सापडतं. हात ज्या खाचेत बसतो तिथे आणि हाताच्या टोकाला जुन्या कारागिरांनी आकडे किंवा रेघा घातलेल्या असतात. कुठला हात कुठे, याचा तो नकाशा. घासून काढू नका. लोलक मापाप्रमाणे लावा आणि मोजा. सात मोठे, सात मधले असा काही हिशेब लागला तर किती हरवलेत तेही कळतं. जुन्या तारा कापायच्या असल्या तर एक नमुना ठेवा. घरच्या जुन्या लग्नाच्या फोटोंत मागे वर कुठे झुंबर दिसतं का, ते शोधा. नवरा-नवरीपेक्षा त्या कोपऱ्याचा फोटो मोठा करून घ्या. 'बेल्जियमचं' हा शब्द मात्र पुराव्याशिवाय लिहू नका. लिएजजवळच्या व्हाल सँ लांबेर कारखान्याचा माल १८२६ पासून जगभर गेला हे खरं, पण आपल्याकडे बर्मिंगहॅमचं आणि बोहेमियाचंही सगळंच बेल्जियमचं होऊन बसलंय, आरशापासून हंडीपर्यंत.

आणि तुळई उतरवताना ती कडी काढून घ्या. तिची जाडी, तिच्या आतल्या बाजूची झीज मोजता येते. किती वजन किती काळ लटकत होतं, याचा थोडाफार अंदाज तिच्यावरून लागतो. थांबू या इथे. कुणी लोलक किंवा फोटो बरोबर आणले असतील तर पुढे या, खिडकीपाशी उजेडात धरून बघू.